ढग आले ते दैव. दार लावले ते कुणी?

सूर्यग्रहण पाहायचे राहून गेले की माणसे सहज म्हणून जातात, "आपल्या नशिबातच नव्हते." गारगोटीसारख्या गावात हे वाक्य म्हणण्याची पाळी फार वेळा येते. पश्चिमेला सह्याद्रीची रांग, खाली वेदगंगेचे खोरे आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत भुदरगड तालुक्यावर मुक्काम ठोकून बसलेले ढग. अशा मुलखात पावसाळ्यातले ग्रहण दिसणार तरी कसे? ११ ऑगस्ट १९९९ चे सूर्यग्रहण आषाढ अमावास्येला आले. २२ जुलै २००९ चेही आषाढ अमावास्येलाच आले. दोन्ही वेळा देशात ठिकठिकाणी लोकांनी माना वर केल्या आणि त्यांना दिसले ते फक्त ढग. २६ डिसेंबर २०१९ ला तर हिवाळा होता. पण महाराष्ट्रात अनेक ठिकाणी नेमके त्या सकाळीच आभाळ भरून आले.

याला कुणी दुर्दैव म्हटले तर आमची हरकत नाही. ढग माणूस पाहून येत नाहीत. ते श्रीमंताच्या गच्चीवर येतात तसे मजुराच्या पत्र्यावरही येतात. पण आजवर जी ग्रहणे आपल्या हातून गेली, ती सगळी ढगांनीच नेली काय? आभाळ निरभ्र असताना आपण जे पाहिले नाही, त्याचा हिशेब कुणाच्या नावावर मांडायचा? हा प्रश्न आपल्या प्रत्येक घराने स्वतःला विचारला पाहिजे.

सावलीची अरुंद वाट

आधी ग्रहण म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. सूर्य चंद्रापेक्षा सुमारे ४०० पट मोठा आहे आणि तो आपल्यापासून चंद्राच्या सुमारे ४०० पट लांब आहे. म्हणून आकाशात दोघे जवळजवळ सारख्याच आकाराचे दिसतात. अमावास्येला चंद्र बरोबर मध्ये आला की त्याची सावली पृथ्वीवर पडते. या सावलीचा पट्टा हजारो किलोमीटर लांब असतो, पण रुंदीला बहुधा शे-दोनशे किलोमीटरच भरतो. त्या पट्ट्यात जो उभा असेल त्याला भर दिवसा तारे दिसतात. पट्ट्याबाहेर उभा असलेल्याला फक्त चतकोर खाल्लेल्या भाकरीसारखा सूर्य दिसतो. एकाच गावावरून खग्रास ग्रहणाची सावली सरासरी पावणेचारशे वर्षांतून एकदा जाते. म्हणजे पंधरा पिढ्यांत एखाद्या पिढीलाच तो योग!

हे काही कालपरवा कळलेले नाही. ग्रहण म्हणजे सावल्यांचा खेळ आहे, सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची सावली झाकते, हे आर्यभटाने सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले. त्याच्याही कितीतरी आधी दीघनिकायाच्या ब्रह्मजाल सुत्तात चंद्रग्रहण-सूर्यग्रहणांची भाकिते सांगून पोट भरणे हे हीन विद्येत गणले आहे आणि भिक्खूने त्यापासून दूर राहावे असे सांगितले आहे. ज्ञान होते, उपदेशही होता. तरी राहू-केतूची गोष्टच घराघरांत राहिली.

दैवाने खरोखर छळलेला माणूस

दुर्दैव कशाला म्हणतात ते पाहायचे असेल, तर फ्रान्सच्या ल जांतील या ज्योतिर्विदाची हकिगत ऐकावी. त्याला ग्रहण नव्हे, पण ग्रहणासारखीच एक घटना पाहायची होती. शुक्राचा ग्रह सूर्याच्या तबकडीवरून बारीक काळ्या ठिपक्यासारखा सरकतो. असे आठ वर्षांच्या अंतराने दोनदा घडते आणि मग शंभराहून अधिक वर्षे घडत नाही. १७६१ चे हे अधिक्रमण पाहण्यासाठी तो १७६० मध्ये फ्रान्सहून पुदुचेरीला निघाला. तेव्हा इंग्रज आणि फ्रेंच यांचे युद्ध चालू होते. तो पोहोचण्याआधीच पुदुचेरी इंग्रजांच्या हाती गेले. ६ जून १७६१ ला ल जांतील भर समुद्रात होता. हलत्या जहाजावरून नेमकी मोजमापे घेणे शक्यच नव्हते.

तो परत गेला नाही. पुढच्या संधीसाठी आठ वर्षे तो इकडेच थांबला. पुदुचेरी फ्रेंचांना परत मिळाल्यावर त्याने तिथे वेधशाळा उभारली. ४ जून १७६९ च्या आदल्या रात्रीपर्यंत आभाळ स्वच्छ होते. पहाटे ढग आले, शुक्र सूर्यावरून निघून गेला आणि त्यानंतर ढग पांगले. १७७१ मध्ये तो मायदेशी पोहोचला, तेव्हा लोकांनी त्याला मेलेला ठरवले होते आणि वारसांनी त्याच्या मालमत्तेच्या वाटणीची तयारी चालवली होती.

याला म्हणावे दुर्दैव. या माणसाने करण्यासारखे काही बाकी ठेवले नव्हते. सगळी मेहनत करूनही जे हुकते, तेवढेच दैवाच्या खात्यावर लिहावे.

विजयदुर्गाची खरी गोष्ट

आता आपल्या जवळचा दाखला घेऊ. गारगोटीहून घाट उतरून कोकणात गेले की सिंधुदुर्ग जिल्ह्यात विजयदुर्ग आहे. हेलियम हा वायू १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने याच किल्ल्यावरून शोधला, असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे, पण ती तशी घडलेली नाही. त्या दिवशी लॉकियर भारतात नव्हताच, तो इंग्लंडमध्ये होता. सूर्यप्रकाशाचे पृथक्करण करणारे यंत्र त्याने बनवायला दिले होते. कारागिराकडून ते वेळेवर मिळालेच नाही. ग्रहण होऊन गेले आणि त्यानंतर दोन महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, यंत्र त्याच्या हाती आले.

दुसरा कुणी कपाळाला हात लावून बसला असता. लॉकियरने २० ऑक्टोबर १८६८ ला ते यंत्र साध्या, ग्रहण नसलेल्या सूर्याकडे लावले. सूर्याच्या कडेला उसळणाऱ्या ज्वाळांचा प्रकाश ग्रहणाशिवायही ओळखता येतो, हे त्याने दाखवून दिले. आंध्रात गुंटूरला ग्रहण पाहिलेल्या जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने हेच ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशी केले होते. दोघांचे अहवाल पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोहोचले. त्या प्रकाशात दिसलेली पिवळी रेघ एका अनोळखी मूलद्रव्याची आहे, असे पुढे मानले गेले. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हणू लागले. १८९५ मध्ये रॅम्झे यांना ते पृथ्वीवरही सापडले. लॉकियर विजयदुर्गावर खरोखर आला तो नंतर, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे' त्याचीच आठवण सांगतात.

१८६८ च्या त्याच ग्रहणात जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल दुर्बीण लावून बसला होता. त्याच्याही सूर्यावर ढग आले. तो यंत्रापाशी तसाच थांबून राहिला. ढगांच्या फटीतून सूर्य थोडा वेळ दिसला आणि तेवढ्यात त्याने जे टिपायचे ते टिपले.

आणि आपले गारगोटी? १८६८ च्या सावलीचा पट्टा कोल्हापूरच्या या भागावरून गेला. पण महिना ऑगस्टचा, ऐन पावसाचा. १८९८ साली जानेवारीचे कोरडे दिवस होते, तर सावली विजयदुर्गावरून ईशान्येला सोलापूर जिल्ह्यातील जेऊरकडे गेली आणि गारगोटीला ती काही कोसांनी हुकली. एकदा महिना आडवा आला, एकदा अंतर आडवे आले. याला दैव म्हणा.

१६ फेब्रुवारी १९८० : आभाळ मोकळे, रस्ते ओस

आता तिसरा दिवस आठवू. १६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. कारवार-अंकोल्यापासून ओरिसातील पुरीपर्यंत खग्रास ग्रहणाचा पट्टा होता. कारवार गारगोटीपासून एसटीने काही तासांच्या अंतरावर. इकडे कोल्हापूर जिल्ह्यातही त्या दुपारी सूर्याचा बहुतेक भाग झाकला जाणार होता. महिना फेब्रुवारीचा, म्हणजे ढगांची तक्रार नाही. ग्रहणही भल्या पहाटे किंवा मावळतीला नव्हते, चांगले दुपारी तीन-चारच्या सुमारास होते.

आणि देशाने काय केले? दारे-खिडक्या लावून घेतल्या. मोठमोठ्या शहरांचे रस्ते संचारबंदी लागल्यासारखे ओस पडले. लोकांनी बाहेर पडू नये म्हणून दूरदर्शनवर त्या दुपारी चित्रपट लावला गेला. डोळे जातील ही भीती अगदीच खोटी नव्हती, कारण उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहणे घातकच असते. पण सूर्याकडे पाहू नये आणि घराबाहेर पाऊल टाकू नये, या दोन गोष्टी एक नव्हेत. ग्रहणात हवा दूषित होते, पाणी विटाळते, अन्न टाकून द्यावे लागते, या समजुतींनी माणसांना कोंडले. आयुष्यात एकदा येणारी दुपार आली आणि कडी लावलेल्या दारावरून निघून गेली.

ही हुकलेली वेळ कोणत्या ढगाच्या नावावर लिहायची? ती दैवाने नेली नाही. ती भीतीने नेली. आणि ही भीती कुणीतरी घातलेली होती.

"दे दान, सुटे गिराण"

आपल्या समाजाच्या बाबतीत तर हिशेब याहून कडू आहे. सगळा गाव ग्रहणात दार लावून बसे, तेव्हा आपली माणसे मात्र घरात नसत. ती रस्त्यावर असत. मांगवाड्यातली आणि महारवाड्यातली माणसे टोपली घेऊन, पदर पसरून "दे दान, सुटे गिराण" असा पुकारा करीत गावातून फिरत. राहू-केतू हे हलक्या जातीचे, सूर्य-चंद्र त्यांचे देणेकरी, म्हणून त्यांच्या जातभाईंना दान दिले की ते सूर्याला सोडतात, अशी ही कथा. मग कुणी ओंजळभर धान्य टाके, कुणी जुनेर देई. तेही वरून, अंग चोरून, शिवाशीव न होता.

थोडा विचार करा. चंद्राची सावली अंगावर पडली तर विटाळ होतो म्हणून जे दार लावत, तेच आपल्या बापजाद्यांची सावली पडली तरी विटाळ मानत. सावलीला घाबरायला शिकवणारे शास्त्र एकच होते. आकाशातल्या सावलीपासून सुटायला आंघोळ पुरत होती. जमिनीवरच्या सावलीचा विटाळ मात्र त्यांनी पिढ्यान् पिढ्या धरून ठेवला. हिणवलेल्या माणसाच्या टोपलीत दान पडले की सूर्य सुटायचा. त्या माणसाची सुटका मात्र कोणत्याच दानाने होत नव्हती.

आणि गंमत बघा, सगळ्या गावात उघड्या आभाळाखाली त्या वेळी फक्त हीच माणसे उभी असत. पण त्यांची नजर टोपलीकडे. वर काय चालले आहे, का चालले आहे, हे त्यांना कुणी सांगितले नाही. शाळेची पायरीच चढू दिली नाही, तर सांगणार कोण? युरोपातून समुद्र ओलांडून साहेब दुर्बिणी घेऊन आले. ज्यांच्या डोक्यावरून ती सावली गेली, त्यांच्या वाट्याला मात्र मूठभर जोंधळे आले. खरे ग्रहण हुकले ते हे.

ही भीक कुणी दया करून सोडवली नाही. आपल्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतन बंद करून त्या जमिनी रयताव्याने दिल्या आणि गावकीच्या गुलामीला पहिला हादरा दिला. पुढे बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे आणि शिळे तुकडे मागणे सोडा, असे निक्षून सांगितले. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर तर हा पुकारा आपल्या वस्त्यांतून बंदच पडला. आज आपल्या पोरांना तो शब्दही ठाऊक नाही. ही आपली मोठी कमाई आहे.

भीक सुटली, भीती सुटली काय?

पण खरे बोलायचे तर अजून काम राहिले आहे. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. शेजारी दिनदर्शिका आहे आणि तिच्यातल्या ग्रहणाच्या तारखेला वर्तुळ केलेले आहे, ते का? तर त्या दिवशी पोटुशी सुनेला हलू द्यायचे नाही म्हणून. तिने विळी धरू नये, सुई-दोरा घेऊ नये, पाणी पिऊ नये, मांडी मोडू नये. नाहीतर मूल फाटक्या ओठाचे होईल! आपल्या कितीतरी घरांतून अजून हे चालते. म्हातारी माणसे प्रेमापोटी सांगतात, सून भीतीपोटी ऐकते.

भगिनींनो, हे नीट समजून घ्या. बाळाचा ओठ आणि टाळू गर्भारपणाच्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांतच जुळून येतात. ते जुळायचे राहिले तर त्यामागे आनुवंशिकता, तंबाखू-मिसरी, काही औषधे, पोषणातील उणिवा अशी कारणे असू शकतात. चंद्राच्या सावलीचा किंवा विळीचा त्याच्याशी काडीइतका संबंध नाही. उलट गरोदर बाईला तासन् तास उपाशी-तहानलेली ठेवणे हेच तिच्या जिवाला त्रासाचे आहे. ग्रहणाची तारीख पाहण्यापेक्षा तपासणीची तारीख पाळा, सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या फोलिक अॅसिडच्या आणि लोहाच्या गोळ्या वेळेवर घ्या आणि मिसरी सोडा. मूल असेही जन्मले तर त्यात आईचा काही दोष नाही. शस्त्रक्रियेने ओठ चांगला जुळतो.

पुढच्या ग्रहणाची तयारी

तारखा लिहून ठेवा. २ ऑगस्ट २०२७ ला दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास ग्रहण आहे. महिना पुन्हा पावसाचा, म्हणजे ढगांशी गाठ आहेच. २१ मे २०३१ ला केरळ-तामिळनाडूत कंकणाकृती आणि आपल्याकडे खंडग्रास ग्रहण आहे. तेव्हा पाऊस यायचा असेल. २० मार्च २०३४ ला काश्मीर-लडाखच्या बाजूला खग्रास आणि आपल्याकडे खंडग्रास आहे. आज तिसरीत असलेली मुले तेव्हा कॉलेजात असतील.

त्यासाठी दुर्बीण लागत नाही, की फार पैसा लागत नाही. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी मुळीच पाहू नये. डोळ्याचा पडदा भाजतो तेव्हा दुखत नाही, म्हणूनच फसगत होते. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, साधा गॉगल, परातीतल्या पाण्यातले प्रतिबिंब, यांपैकी काहीही सुरक्षित नाही. खात्रीच्या ठिकाणचा, प्रमाणित सौर चष्मा घ्यावा आणि त्यावर चरा नाही ना, हे आधी पाहावे.

चष्मा नसेल तर पिठाची चाळण घ्या. सूर्याकडे पाठ करून ती उन्हात धरा. जमिनीवर प्रत्येक भोकातून एक एक कोर पडलेली दिसेल. चिंचेच्या किंवा आंब्याच्या झाडाखाली जा, पानांच्या फटींतून पडलेले कवडसे कोरीसारखे झालेले असतील. आणखी एक सोपी युक्ती आहे. लहान आरशावर कागद चिकटवा, कागदाला हरभऱ्याएवढे भोक पाडा आणि तेवढ्या भोकातून ऊन परावर्तित करून लांबच्या सावलीतल्या भिंतीवर पाडा. भिंतीवर सूर्याचे बिंबच उमटेल आणि सगळी वस्ती एकदम पाहू शकेल. आरशात मात्र कुणी डोकावू नये. विहारासमोरच्या अंगणात एवढे करायला कितीसा खर्च येतो? शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना आधी सांगून ठेवा. त्या वेळी सगळ्यांनी मिळून चहा-पोहे खा, पोटुशी लेकी-सुनांनाही आग्रहाने खायला घाला.

आणि ढग आलेच तर? तर मुलांना सांगा की हे ढग दैवाने आले, आपल्या पापाने नव्हे. आभाळ एकाएकी मळकट झाले काय, गारवा वाढला काय, पाखरे गप्प झाली काय, ते त्यांच्याकडून वहीत लिहून घ्या. टीव्हीवर दुसऱ्या गावचे ग्रहण दाखवा आणि पुढची तारीख भिंतीवर लावा.

ढगांपुढे कुणाचे चालत नाही. पण दाराची कडी आतून असते आणि ती काढणे आपल्याच हातात आहे. ती काढून मुलांना अंगणात आणा. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना ग्रहणात खाली मान घालून हात पसरावा लागला, त्या मुलांनी मान ताठ करून, डोळ्यांना चष्मा लावून वर पाहिले पाहिजे.

जयभीम.